तळहातावरचे डाग

‘तुमच्या मिस्टरांना तेव्हाच सांगितलं होतं की,’ सिस्टर म्हणाली आणि पुन्हा खाली बघून लिहू लागली. तिच्या आवाजात काही नव्हतं. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं. समोर बसलेल्या तिला दिसलं, सिस्टरच्या हातातलं पेन निळं होतं आणि त्याच्यावर आपल्या नवऱ्याच्या औषधकंपनीचं नाव होतं. भिंतीवरचं घड्याळ त्याच कंपनीचं, टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडरही. ही खोली आपल्याच घरातून सजवली गेली आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं. सात महिन्यांचं पोट टेबलाच्या कडेला लागू नये म्हणून ती खुर्ची मागे सरकवून बसली होती. काय सांगितलं होतं, असं तिने विचारलं, तेव्हा सिस्टरचं पेन थांबलं. सिस्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, आणि उठून दार लोटून घेतलं.

दार लोटल्यावर सिस्टर जरा जवळ बसली आणि तिचा आवाज बदलला. आता ती शिकवल्याप्रमाणे बोलत होती. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं होतं त्यात सिफिलिस निघाला होता. शरीरसंबंधातून होणारा आजार. घाबरण्यासारखा नाही, इंजेक्शनने बरा होणारा. तेव्हाच दिलं असतं तर आईही सुटली असती आणि मूलही. हे बाईला एकटीला बसवून सांगायचं असतं, नवऱ्याला परस्पर नाही, हे सिस्टरने दोनदा सांगितलं. पण रिपोर्ट न्यायला मिस्टर आले होते आणि मिस्टर काही बाहेरचे नव्हते. बॅग घेऊन नेहमी येणारे, आयाबाईंच्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी करणारे. ते म्हणाले, ती घाबरट आहे, मी समजावतो, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे लगेच सुरू करतो. पुढच्या खेपेला म्हणाले, झाला कोर्स. त्याप्रमाणे लिहून घेतलं. त्यानंतर हा विषय कुणी काढला नाही, कारण असल्या विषयाची आठवण बाईला पुन्हा कशाला करून द्यायची. ‘आपलेच आहेत म्हणून,’ सिस्टर म्हणाली, आणि ते वाक्य तिथेच सोडून तिने विचारलं की तुम्ही इंजेक्शनं घेतली होती ना, कमरेत, जाडसर औषध असतं, दुखतं खूप.

इंजेक्शन घेतलं नव्हतं. गोळ्या घेतल्या होत्या, बाळाच्या ताकदीच्या. रोज जेवण झालं की नवरा स्वतः बाटलीतून एक काढायचा, तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरायचा आणि पाण्याचा पेला दुसऱ्या हातात घेऊन उभा राहायचा. ती गिळेपर्यंत हलायचा नाही. मैत्रिणींना तिने हे कौतुकाने सांगितलं होतं. माझ्यावर पहारा असतो बाई, असं म्हणून ती हसली होती. कसल्या गोळ्या, सिस्टरने विचारलं. तिला नाव सांगता येईना. बाटलीवरचं नाव कसल्याशा टॉनिकचं होतं आणि आतल्या गोळ्यांचा आणि त्या नावाचा संबंध होता की नव्हता, हे आता तिला माहीत नव्हतं. तिची नजर टेबलावर गेली. कागद उडू नयेत म्हणून तिथे प्लॅस्टिकची मोठी कॅप्सूल ठेवली होती, अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. भेट म्हणून वाटतात तसली. ‘ह्या,’ ती म्हणाली. सिस्टरने ती कॅप्सूल उचलली, उगाच हातात फिरवली आणि खणात टाकली. जणू ती नजरेआड केली की झालेलं काही कमी होणार होतं. मग ती म्हणाली, ‘ह्या आईपर्यंत पोचतात. बाळापर्यंत नाही पोचत.’

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद दाखवला तेव्हा तिने सवयीने तो आधी धंद्याच्या नजरेने पाहिला. ती फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो साफ करायचं काम करत होती. चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे, डोळ्यांखालचा काळेपणा, कपाळावरची जुनी खोक. दिवसभर ती ते काढून टाकायची. तिला वाटलं, हा करडा फोटो फार कच्चा आला आहे, इथे कडा नीट नाही, इथे उजेड सांडला आहे. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं ते बरोबर त्या सांडलेल्या जागेवर. बाळाचं लिव्हर मोठं दिसतंय, त्या म्हणाल्या, आणि हे इथे, पोटात, थोडं पाणी. आजच पहिलं इंजेक्शन, मग आठवड्याने दुसरं, त्याच्या आठवड्याने तिसरं, आणि एकही चुकवायचं नाही. तिने विचारलं, ‘बाळ वाचेल?’ ‘उशीर झालाय,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘फार उशीर झालाय असं मी अजून म्हणणार नाही.’ त्या चांगल्या बाई होत्या. आजचा दिवस इथेच झोपा, असंही त्यांनी सांगितलं, कारण औषध आत गेलं की जंतू एकदम मरतात आणि त्याने काही तासांत ताप भरतो, थंडी वाजते, पोट आवळतं. बाळालाही ते सोसावं लागतं, म्हणून लक्ष ठेवलेलं बरं. तिने हो म्हटलं. इंजेक्शन घेतलं, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या. गरम मेण मांसात ओतावं तसं ते आत पसरत गेलं आणि ती भिंतीवरच्या नवऱ्याच्या कंपनीच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग कपडे सारखे केले आणि आपण थांबणार नसल्याचं सांगितलं. घरी जायचं आहे. सिस्टरने समजावलं, डॉक्टरीणबाई रागावल्या, शेवटी म्हणाल्या की निदान बाळाची हालचाल कमी वाटली तर क्षणाचाही उशीर न करता या. ती हो हो म्हणत होती. तिला नवऱ्याचा चेहरा बघायचा होता. आत्ता, त्याला कुणी फोन करून सावध करायच्या आत. त्यासाठी तिने बाळाचा एक दिवस घेतला, हे तिला जिन्यातच कळलं होतं. तरी ती उतरत राहिली.

टॅक्सीत तिला एका कुशीवर कलून बसावं लागलं. दोन्ही बाजू ठणकत होत्या. तिला ते तळहात आठवले. आठवले असं म्हणणंही चूकच. ते केव्हाचे समोर उघडे होते आणि ती त्यांच्यावरून नजर चुकवत होती. दिवस राहायच्या आधीची गोष्ट. नवरा फिरतीवरून आला होता, अंगात कसकस होती, आणि पलंगाच्या कडेला दोन्ही तळहात वर करून बसला होता. हातभर नव्हे, फक्त तळव्यांवर, तांबूस तपकिरी डाग. गोल, सपाट, कडेला किंचित पापुद्रा सुटलेला. खाजतं का, तिने विचारलं. नाही, म्हणाला, नुसते आहेत. दुखतं का? नाही. कुठल्यातरी हॉटेलचा साबण, असं त्याने सांगितलं. तिने त्याच्याच बॅगेतली मलमाची नळी काढली आणि एकेका डागाला बोटाच्या टोकाने मलम लावत बसली. ते डाग तिला चक्क सुंदर वाटले होते. जुन्या तांब्याच्या भांड्यावर आतून उजेड पडावा तसा त्यांचा रंग होता आणि असा रंग आपल्याला कधी जमवता येणार नाही, असं तिच्या मनात आलं होतं. मान वर करून पाहिलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला भरून आलं. दमून आलेला माणूस, घरी कुणीतरी हात हातात घेतला, एवढ्यानेच डोळे भरून आले, असं तिला वाटलं. त्या वेळी तिला तो जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता. आता टॅक्सीच्या काचेला डोकं टेकवून तिने ते पाणी पुन्हा पाहिलं. डोळ्यात पाणी येण्याची आणखी कारणं असतात. तो औषधं विकणारा माणूस होता, डॉक्टरांच्या खोल्यांबाहेर त्याची अर्धी हयात गेली होती. त्या भिंतींवर असले तळहात रंगीत छापून लावलेले असतात. त्याला ठाऊक होतं. किंवा संशय होता. आणि संशय असताना त्याने हात पुढे धरून ठेवले होते, तिला मलम लावू दिलं होतं, आणि नंतर दिवा मालवून तिला जवळही घेतलं होतं. तिने कुठल्यातरी परगावच्या खोलीतली बाई डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. चेहरा येईना. त्या बाईबद्दल तिला काहीच वाटलं नाही, आणि ते तिला विचित्रही वाटलं नाही.

त्याच डागांचा फोटोही होता. लग्नाच्या वाढदिवसाला स्टुडिओच्या मालकांनी दोघांना बसवून काढला होता. मालकांना सगळे उजेडकाका म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर ‘आधी उजेड बघ’ हेच असे. जेवण कुठे करायचं असं विचारलं तरी. फोटोत नवरा काहीतरी सांगत असल्यासारखा एक हात उघडून बसला होता, आणि तळव्यावर ते डाग स्पष्ट आले होते. दुसऱ्या दिवशी तिने ते काढून टाकले. विचारसुद्धा केला नाही. ह्या कामाची पद्धत अशी की डाग खोडायचा नसतो. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर नेऊन ठेवायची, कडा मिसळायच्या, म्हणजे तिथे कधी काही होतं हे कुणाला कळत नाही. तिने तळव्याच्या एका कोपऱ्यातली स्वच्छ कातडी उचलली आणि सगळा तळवा झाकून टाकला. उजेडकाकांनी पाहिलं आणि म्हणाले, वा, नवऱ्याचा हात असा केलास, कामाला लावत नाहीस वाटतं त्याला. मग तिने मूळ फोटो पुसून टाकला, कारण स्टुडिओचा तसा नियम होता. माणसाने एकदा आपला बरा चेहरा पाहिला की जुना त्याच्या हाती लागू द्यायचा नाही, नाहीतर तो दोन्ही फोटो घेऊन भांडायला येतो. इतक्या वर्षांत हा नियम तिने एकदाही मोडला नव्हता. फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला होता. आल्यागेल्याला सासू दाखवायची, हे आमच्या सुनेने केलंय बरं का, बाहेरच्या कुणी नाही, घरच्याच माणसाने.

घरी नवरा संत्रं सोलत बसला होता. दुपारची कुठलीशी मीटिंग रद्द झाली होती आणि बॅग दाराशी ठेवलेली होती. तिने चपला काढल्या नाहीत. मला आज इंजेक्शन दिलं, एवढंच म्हणाली, आणि त्याच्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यांचं काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, की माणूस तोंड सावरतो, भुवया सावरतो, पण खालच्या पापणीचं त्याला भान नसतं. त्याची खालची पापणी एकदा उडाली. मग त्याने विचारलं, ‘कसलं?’ तिला उत्तर द्यायची गरज राहिली नव्हती. तेवढ्यात सासू स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकून म्हणाली, ‘कळलं म्हणायचं.’

तिला वाटलं, सासूलाही फसवलं असेल, आता ती मुलाला काहीतरी बोलेल. सासू खुर्चीत बसली. पदरचं काही देऊन टाकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसला थकवा तिच्या चेहऱ्यावर होता. ‘मी तुला एका शब्दाने बोलले का?’ सासू म्हणाली. ‘इतके महिने झाले. तो येऊन माझ्यापाशी रडला, म्हणाला, आई, तिला काही विचारू नकोस, लग्नाआधीचं असेल, तिचं तिला ठाऊक. मी गप्प बसले. पोटुशी बाई, तिला कशाला टोचायचं. पोटात घातलं सगळं. मूल आमचंच आहे असं धरून चाललोय आम्ही.’

एका दमात एवढं ऐकल्यावर तिला पहिल्यांदा आठवला तो पांढरा कप. चौथ्या महिन्यात सासूने तिच्यासाठी नवा कप आणला होता, जाड कडेचा, आणि तो फळीवर वेगळा ठेवायची. तुझा तुला, असं म्हणाली होती. तिला वाटलं होतं लाड चालले आहेत. टॉवेल वेगळा झाला, साबण वेगळा झाला, नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला, कारण झोपेत पोटाला लाथ लागायची. सासू तिच्यावर कशावरूनच चिडेनाशी झाली होती. दूध उतू गेलं तरी नाही, उशीर झाला तरी नाही. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं जिने तिला मीठ कुठे ठेवायचं यावरून फाडून खाल्लं होतं, ती बाई एकदम मऊ झाली. आपण जिंकलो, असं तिला वाटलं होतं. मूल आलं की घर कसं बदलतं, असं ती उजेडकाकांनाही म्हणाली होती. हे सगळे महिने ह्या घरात तिला क्षमा केली जात होती. रोज, जेवताना, चहा देताना, अंथरूण घालताना तिला क्षमा केली जात होती आणि ती ती क्षमा खात होती, पीत होती, तिच्यावर झोपत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तो बोलेल. एवढं एकच वाक्य त्याला बोलायचं होतं. तो संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे दोरे नखाने एकेक करून काढत होता. ‘आई, आता तो विषय कशाला,’ तो म्हणाला, आणि साफ केलेली फोड त्याने बशीत ठेवली. तिच्यासाठी. पोटुशीला संत्रं चांगलं म्हणून.

ती ओरडली नाही. ओरडायला जो विश्वास लागतो, की ऐकणारं कुणीतरी आहे, तो तिला त्या खोलीत दिसेना. तिच्याकडे पुरावा म्हणून काही नव्हतं. जे होतं ते तिने स्वतःच्या हाताने शेजारची कातडी ठेवून झाकलं होतं आणि ते डोक्यावर भिंतीवर टांगलेलं होतं. नवरा त्यात उघडा, गोरा तळवा पुढे करून हसत होता. त्याच्या हातावर तेव्हा डाग होते, असं ती म्हणाली. सासूने मान वर करून फोटो पाहिला, नीट, चष्मा सारखा करून पाहिला. ‘कुठे आहेत?’ सासू म्हणाली. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच दिसत नव्हते.

नवरा तिच्या मागोमाग आतल्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. तो हळू आवाजात, पटापट बोलला. आईपुढे दुसरं काय सांगणार होतो. म्हातारी आहे, मुलाचं असलं काही ऐकून ती उभी राहिली नसती. सुनेचं ऐकून राहते उभी, बायका बायकांचं समजून घेतात. बाळ झालं की सगळं मागे पडेल. आणि मी तुला वाऱ्यावर सोडलं का, गोळ्या दिल्या ना, रोज दिल्या, एक दिवस चुकवला नाही, फिरतीवर असलो तर फोन करून आठवण केली. आमच्याच कंपनीच्या आहेत, रिझल्ट चांगला आहे. ती म्हणाली की त्या बाळापर्यंत पोचत नाहीत. त्याचा रंग खरोखर उतरला, आणि तिला दिसलं की हे मात्र त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो त्या कॅप्सूलची माहिती पाठ म्हणत आला होता, आरशासमोर, तिला डॉक्टर करून खुर्चीत बसवून. किती वेळात रक्तात उतरते, पोटाला कशी त्रास देत नाही, आणि त्या पाठांतरात नाळेबद्दल एकही वाक्य नव्हतं. ‘असं कुठे लिहिलेलं नाहीये,’ तो म्हणाला. गिऱ्हाइकाने शंका काढल्यावर म्हणतात तसं.

‘तू काय घेतलंस?’ तिने विचारलं.

‘इंजेक्शन.’

‘मग मला गोळ्या का?’

तो पलंगाच्या कडेला बसला, तेव्हा बसला होता तिथेच. तळहात मांडीवर पडलेले होते आणि ते अगदी स्वच्छ होते. ‘इंजेक्शनला तुला कारण सांगावं लागलं असतं,’ तो म्हणाला. मग तिची समजूत घालावी म्हणून म्हणाला की माझं आता पूर्ण बरं झालंय, माझी काळजी करू नकोस.

तिने तोंड धुतलं आणि ती कामावर निघाली. झोपून राहायला हवं होतं, हे तिला कळत होतं, पण त्या घरातला एकही पलंग तिला आपला वाटेना. बाहेरच्या खोलीतून जाताना सासू म्हणाली, संत्रं खाऊन जा, त्याने सोललंय. स्टुडिओच्या जिन्यात तिला पहिल्यांदा थंडी वाजली. दात आवळून ती वर गेली, आपल्या जागेवर बसली, पाठीला उशी घेतली आणि मशीन सुरू केलं. उजेडकाका आत कुणा लेकुरवाळीचा फोटो काढत होते आणि पोराला हसवण्यासाठी मांजराचा आवाज काढत होते. मूल हसत नव्हतं, आईच हसत होती. तिला आणखी एक काम आठवलं, मागल्या वर्षीचं. एक जोडपं फोनवरचा एकच फोटो घेऊन आलं होतं, जन्मून काही तासच जगलेल्या मुलाचा. ओठ निळे होते. थोडा रंग द्याल का, बाप म्हणाला होता, झोपल्यासारखं दिसू दे. तिने रंग दिला. गालांना, ओठांना, नखांना. इतका छान जमला की उजेडकाकांनी सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि तिने त्या दिवशी डबा पोटभर खाल्ला. ते जोडपं फोटो हातात घेऊन खूप वेळ उभं होतं. तिला वाटलं होतं की ते खूश झाले आहेत.

समोरच्या रांगेत तिचं स्वतःचंच काम पडलेलं होतं. गेल्या आठवड्यात नवऱ्याने हट्ट धरून काढून घेतलेला फोटो. ती एका बाजूला वळून उभी, पोट उजेडात, आणि नवरा मागून, त्याचे दोन्ही हात पुढे आलेले. एक पोटाखाली, एक थोडा वर उघडलेला, बाळ येणार म्हणून झेलायला धरावा तसा. तळवा कॅमेऱ्याकडे. मोठ्यातला मोठा करायचा, बाहेरच्या खोलीत लावायचा, असं त्याने बजावून सांगितलं होतं. आई सगळ्यांना दाखवेल. फोटो चांगला होता. साफ करायला काही नव्हतं. तिने तो तळवा पडदाभर मोठा केला आणि पाहत बसली. बाळ दुपारपासून हललं नव्हतं. टॅक्सीत एकदा हललं होतं, की ते खड्ड्यामुळे होतं. तिने पोटाला हात लावला, थोडं दाबलं, डाव्या कुशीवर कलली. आत सगळं गप्प होतं. आठवड्याभरापूर्वी ह्या फोटोच्या वेळी ते इतकं उड्या मारत होतं की उजेडकाका म्हणाले होते, छोट्या साहेबांना सांगा जरा थांबा, हलले तर फोटो बिघडेल.

मग तिने काम सुरू केलं. डाग काढायला शेजारची कातडी मिळते. डाग घालायला कुठूनच काही उचलता येत नाही. ते आठवणीतूनच आणावे लागत होते. पहिला अंगठ्याच्या उंचवट्यावर होता, तो तिला पक्का आठवत होता, कारण मलम लावताना तिचं बोट तिथे घसरलं होतं. तांब्याचा रंग तिने तीन वेळा मिसळून पाहिला आणि तिसऱ्यांदा तो बरोबर आला, तो आतून उजेड पडल्यासारखा, जो आपल्याला कधी जमणार नाही असं तिला वाटलं होतं. तो जमला याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला किळस आली नाही. करंगळीच्या बुडाशी दोन, एकमेकांना चिकटलेले. मधल्या रेषेवर एक लांबट. कडेचा सुटलेला पापुद्रा तिने केसाएवढ्या बारीक रेघेने काढला. कापरं भरलं की ती दोन्ही हात काखेत दाबून बसायची आणि ते ओसरलं की पुढचा डाग घालायची. अंग तापून निघालं होतं. पोट एकदा दगडासारखं आवळलं आणि हळूहळू सुटलं. तिने स्वतःच्या पोटावरची चकाकी, फुगलेली शीर, काही बदललं नाही. सगळे डाग झाल्यावर तिने फोटो पुन्हा लहान केला, आणि ते तिथे होते. कुणी घातल्यासारखे दिसत नव्हते. आजवर तिथेच असल्यासारखे, पोटाच्या अगदी जवळ, दिसत होते.

उजेडकाका चष्मा कपाळावर चढवत मागे येऊन उभे राहिले. ‘अगं, हातावर डाग राहिलेत की,’ ते म्हणाले.

‘राहू देत. त्यांचेच आहेत.’

काका वाकून जवळ गेले. चाळीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. ‘मूळ फोटोत होते?’

‘होते,’ ती म्हणाली.

काकांनी आणखी पाहिलं आणि ते सरळ झाले. होते म्हणजे असतील, ही पोरगी खोटं काम करत नाही. मोठ्यातला मोठा ना, त्यांनी विचारलं. हो, ती म्हणाली, जाड चौकट लावा, आणि तुम्ही स्वतः नेऊन भिंतीवर लावून द्या, सासूबाईंना चष्मा घालून बघायला सांगा. मग ती उठली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली, तेव्हा काकांनी तिचा चेहरा पाहिला. उजेड बघायची गरज त्यांना पडली नाही. कपाळाला हात लावून ते म्हणाले, भट्टी झालीय, घरून कुणाला बोलवू? घरून नको, टॅक्सी बोलवा, हॉस्पिटलला जायचंय, असं म्हणून ती त्यांच्या आधीच जिन्याकडे गेली. काका मागून ओरडत होते की थांब, मी हात धरतो.

ती कठड्याला धरून उतरत होती. पायरीगणिक इंजेक्शनच्या दोन्ही जागांतून कळ येत होती. सकाळी डॉक्टरीणबाईंनी दिलेला पलंग रिकामा असेल का, की तिथे आता दुसरं कुणी झोपलं असेल, असा विचार तिच्या डोक्यात फिरत होता. सकाळी तो रिकामा होता. सकाळी तो तिचा होता. मधल्या वळणावर आत काहीतरी झालं. बरगडीच्या खाली, हलकं, एकदाच. त्याच क्षणी थंडीचं कापरंही तिच्या अंगातून वरून खाली गेलं. कुठल्याही फोटोत, हातभर लांबून, खरी कातडी कुठे संपते आणि लावलेली कुठे सुरू होते, हे तिला सांगता यायचं. उजेडकाकासुद्धा तिला विचारत. आत्ता हललं ते पोर होतं की आपलंच अंग, हे तिला ओळखता येईना. ती पायरीवर थांबली, दोन्ही तळहात पोटावर सपाट ठेवले, श्वास रोखला आणि ते पुन्हा व्हायची वाट पाहू लागली.